छापील पुस्तकांच्या बांधणीत दडलेली हस्तलिखिते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात पंधराव्या ते सतराव्या शतकात छापल्या गेलेल्या पुस्तकांच्या बांधणीत त्यांच्याहून कितीतरी जुन्या हस्तलिखितांचे तुकडे सापडतात. अशा एखाद्या तुकड्याची बातमी आली किंवा तो प्रदर्शनात पाहायला मिळाला की वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एक आग्रह सर्व उत्तरांमागे आहे आणि तो आधीच सांगितलेला बरा: तुकडा आणि त्याला शतकानुशतके वागवणारे पुस्तक यांची ताटातूट केली, तर दोघांचाही इतिहास अर्धा पुसला जातो.

हे तुकडे पुस्तकात नेमके कोठे असतात?

बांधणीच्या जवळजवळ प्रत्येक थरात ते असू शकतात. पुस्तक उघडताच पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी फळीच्या आतल्या बाजूस चिकटवलेले अख्खे पान सर्वांत आधी नजरेस पडते. त्याला लागून, मुख्य मजकुराच्या आधी आणि नंतर, संरक्षणासाठी घातलेली सुटी पानेही पुष्कळदा जुन्या ग्रंथातून कापलेली असतात. बाकीचे तुकडे लपलेले असतात. जुजबंदी करताना शिवणीच्या दोऱ्याने कागद फाटू नये म्हणून प्रत्येक जुजाच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, मध्यघडीत चर्मपत्राची (लेखनासाठी तयार केलेल्या कातड्याची) अरुंद उभी पट्टी घालत, आणि कण्यावर सरस लावून आडव्या पट्ट्यांचे अस्तर बसवत. नरम बांधणीत तर संपूर्ण वेष्टनच जुन्या पानाचे असे. पुढे लाकडी फळ्या मागे पडून पुठ्ठ्यांचा वापर वाढला, तेव्हा टाकाऊ कागदांचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून पुठ्ठे तयार होऊ लागले. असा पुठ्ठा उकलला तर त्यातून पत्रे, हिशेब, छापखान्यातील फसलेले फर्मे (छापलेले मोठे ताव) आणि न कापलेल्या खेळण्याच्या पत्त्यांचे तक्तेसुद्धा निघालेले आहेत.

तुकडा कोठे बसवला आहे यावर त्यातला किती मजकूर वाचता येईल हे ठरते. आतून चिकटवलेल्या पानाची निदान एक बाजू पूर्ण दिसते, तर कण्यावरच्या पट्टीत प्रत्येक ओळीतली चारपाच अक्षरेच हाती लागतात.

इतक्या मोलाची हस्तलिखिते बांधणीदारांनी कापलीच कशी?

बांधणीदाराच्या हाती ती येत तोवर त्यांचे ग्रंथ म्हणून असलेले मोल संपलेले असे, आणि उरलेले असे ते केवळ कातड्याचे मोल. वासरू, मेंढी किंवा बकरी यांच्या कातड्यापासून केलेले चर्मपत्र अतिशय चिवट असते. कागद जेथे फाटतो तेथे ते टिकते, आणि म्हणूनच शिवणीच्या आधाराला त्याच्यासारखे दुसरे साहित्य नव्हते. ते महागही होते. जर्मन मुद्रक गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापून पूर्ण केलेल्या बायबलच्या चर्मपत्रावरील एका प्रतीसाठी सुमारे १७० वासरांची कातडी लागली असावीत, असा अंदाज अभ्यासक करतात. एवढे मौल्यवान साहित्य एका पट्टीसाठी नव्याने विकत घेण्यापेक्षा नको असलेला जुना ग्रंथ वजनावर घेऊन कापणे हा साधा व्यवहार होता.

ग्रंथ नकोसा होण्याची कारणे मात्र अनेक होती. छपाईमुळे विद्यापीठातील पाठ्यग्रंथ नव्या, शुद्ध केलेल्या आवृत्त्यांत मिळू लागले आणि ॲरिस्टॉटलवरील भाष्ये, रोमन कायद्याची संकलने, व्याकरणे यांच्या हस्तलिखित प्रती अडगळीत गेल्या. लिपीच्या जुन्या वळणांतली आणि संक्षेपांनी भरलेली पाने नव्या पिढीला वाचणे जड जाऊ लागले. काही ग्रंथ वापरून वापरून जीर्ण झालेले होते. अशा वेळी बांधणीदाराला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही, कारण त्याने कापले नसते तर त्यांतील बहुतेक ग्रंथांचे एक पानसुद्धा आज उरले नसते.

धर्मसुधारणेचा यात किती वाटा होता?

फार मोठा. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून फुटून प्रोटेस्टंट पंथ निघाले, तीच ही धर्मसुधारणा. इंग्लंडमध्ये राजा आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४१ या काळात मठ बंद केले आणि त्यांची ग्रंथालये विखुरली. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा झाल्यावर लॅटिन उपासनाग्रंथांचा चर्चमधला उपयोग संपला, आणि पुढच्याच वर्षी जुने उपासनाग्रंथ नष्ट करण्याचा कायदा झाला. जॉन बेल हा स्वतः कट्टर सुधारणावादी आणि मठांचा विरोधक होता. तरीही १५४९ मध्ये त्याने अत्यंत कळवळून लिहिले आहे की मठांतल्या ग्रंथांची पाने लोक मेणबत्तीची घरे घासायला आणि बूट पुसायला वापरतात, वाणी आणि साबणविक्ये यांना विकतात, आणि परदेशच्या बांधणीदारांना तर कधी कधी जहाजे भरून पाठवतात. शत्रुपक्षातल्या माणसाची ही साक्ष असल्यामुळे तिचे वजन अधिक आहे.

यावरून हा केवळ प्रोटेस्टंट प्रदेशांचा प्रकार होता असे मात्र समजू नये. कॅथलिक चर्चनेही ट्रेंटच्या धर्मसभेनंतर १५६८ मध्ये सुधारित दैनिक प्रार्थनाग्रंथ आणि १५७० मध्ये सुधारित मिस्साग्रंथ (मिस्सा या मुख्य उपासनाविधीचा ग्रंथ) लागू केला. दोनशे वर्षांहून जुनी परंपरा असलेल्या स्थानिक पद्धतींना त्यात सूट होती, तरी अनेक बिशपक्षेत्रांनी नवे ग्रंथ स्वीकारले आणि जुने बाद झाले. उपासनाग्रंथांची पाने तुकड्यांमध्ये एवढ्या मोठ्या संख्येने आढळतात त्याचे हेच कारण आहे.

एवढे तुकडे खरोखर आहेत तरी किती?

काही संग्रहांवरून आवाका कळतो. हस्तलिखितांचे अभ्यासक नील केर यांनी ऑक्सफर्डमध्ये १५१५ ते १६२० च्या सुमारास झालेल्या बांधण्यांतील, आतून चिकटवलेल्या हस्तलिखित पानांची यादी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तीत दोन हजारांहून अधिक नोंदी भरल्या. ही गणना एका शहरातल्या बांधणीदारांची आणि एकाच जागी चिकटवलेल्या पानांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे बाकीच्या युरोपची कल्पना करता येते.

स्वीडन आणि फिनलंड यांचा उल्लेख या विषयात नेहमी का येतो?

तेथे हे काम सरकारी दप्तरांत झाले म्हणून. १५२७ मध्ये राजा गुस्ताव वासा याने चर्चची मालमत्ता ताब्यात घेण्यास सुरुवात केली. पुढे करवसुली करणारे अधिकारी आपल्या हिशेबाच्या वह्या राजधानीला पाठवू लागले, तेव्हा त्या वह्यांना वेष्टन म्हणून चर्चमधल्या लॅटिन ग्रंथांची मोठी, जाड पाने वापरली गेली. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा २२,००० हून अधिक तुकड्यांची नोंद झालेली आहे. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात असल्यामुळे तेथल्या वह्यांवरही हीच वेष्टने चढली, आणि हेलसिंकीच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील अशा पानांची संख्या नऊ हजारांच्या आसपास आहे.

या दोन संग्रहांबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण तेथे वेष्टनाखालच्या वहीवर वर्ष आणि परगणा लिहिलेला असतो. एखादा मिस्साग्रंथ कोणत्या वर्षाच्या आसपास उसवला गेला, त्याची पाने कोणकोणत्या वह्यांवर विखुरली, आणि लागोपाठच्या वर्षांच्या वह्यांवर त्याच ग्रंथाची पुढची पाने येतात का, हे त्यावरून पडताळता येते. एकेका पानाची अशी जुळणी करत हरवलेल्या ग्रंथांचे मोठे भाग कागदोपत्री पुन्हा उभे करण्यात आले आहेत. मध्ययुगीन स्वीडनमध्ये कोणते ग्रंथ होते याविषयी आज जे ठाऊक आहे, त्याचा फार मोठा हिस्सा करवसुलीच्या या वह्यांनी दिलेला आहे.

हिब्रू हस्तलिखितांचे तुकडेही सापडतात का?

होय, आणि या संपूर्ण विषयातला हा सर्वांत दुखरा भाग आहे. इटलीमध्ये, विशेषतः मोदेना आणि बोलोन्या यांच्या परिसरातील अभिलेखागारांत, सोळाव्या-सतराव्या शतकातील नोटरींच्या आणि नगरपालिकांच्या वह्यांवर हिब्रू चर्मपत्रांची हजारो वेष्टने आढळली आहेत. त्यांचा पद्धतशीर शोध १९८१ मध्ये सुरू झाला आणि पुढे अभ्यासक मौरो पेरानी यांनी तो दीर्घकाळ चालवला. स्पेनमधील जिरोनाच्या अभिलेखागारातही बांधण्यांच्या पुठ्ठ्यांतून हिब्रू कागदपत्रे निघाली आहेत.

यातल्या काही ग्रंथांची वाट छळातून गेलेली आहे. १५५३ मध्ये रोममधल्या काम्पो दे फियोरी या चौकात ताल्मुद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या प्रती जाळण्यात आल्या आणि त्यानंतर इतर शहरांतही जप्तीचे सत्र चालले. काही ग्रंथ मात्र यहुदी कुटुंबांनीच विकले असावेत, कारण हिब्रू पुस्तके इटलीत १४७५ पासून छापली जात होती आणि छापील प्रत आल्यावर जुन्या चर्मपत्राला बाजारात पैसे मिळत होते. प्रत्येक तुकड्यामागे जाळपोळच होती असे सरसकट म्हणणे जसे चुकीचे, तसेच तिच्याकडे दुर्लक्ष करणेही. बॅबिलोनी ताल्मुदची जवळजवळ संपूर्ण म्हणावी अशी एकच मध्ययुगीन हस्तलिखित प्रत आज शिल्लक आहे. ती १३४२ साली लिहिलेली असून म्युनिकमध्ये आहे. अशा स्थितीत एखाद्या नोटरीच्या वहीवरचे ताल्मुदचे पान पाठचिकित्सेसाठी किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

या तुकड्यांतून खरोखर नवे काही हाती लागले आहे का?

पुष्कळ. इंग्लंडमधील तेराव्या-चौदाव्या शतकातील अनेकस्वरी संगीताचा मोठा भाग आपल्याला वूस्टरच्या कॅथीड्रलशी निगडित असलेल्या, बांधण्यांतून काढलेल्या पानांमुळेच ठाऊक आहे. ‘वाल्डेरे’ या प्राचीन इंग्रजी वीरकाव्याची दोनच पाने उरली असून ती १८६० मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडली. फारसी वैद्य व तत्त्वज्ञ इब्न सिना याच्या वैद्यकग्रंथाचे आयरिश भाषांतर पंधराव्या शतकात झाले होते, याचा पुरावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मिळाला सोळाव्या शतकात लंडनला छापलेल्या एका लहान लॅटिन पुस्तकाच्या वेष्टनात, आणि ते पुस्तक इंग्लंडमधल्या एका कुटुंबाकडे पिढ्यानपिढ्या होते. फारसी-अरबी जगात घडलेले वैद्यक लॅटिनमार्गे आयर्लंडच्या वैद्यांपर्यंत पोहोचले आणि त्यांच्या भाषेत उतरले, ही गोष्ट एका कापलेल्या पानाने सिद्ध केली.

ब्रिस्टलचे उदाहरण थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. २०१९ मध्ये तेथील सेंट्रल लायब्ररीत फ्रेंच धर्मपंडित जाँ जर्सों याच्या ग्रंथांचे चार खंड चाळताना त्यांच्या बांधणीत जुन्या फ्रेंचमधील सात तुकडे आढळले. खंड १४९४ ते १५०२ या काळात स्ट्रासबूर्ग येथे छापलेले, तर तुकडे १२५० ते १२७५ च्या सुमाराचे, आणि त्यांत ब्रिटनच्या दंतकथांतील राजा आर्थर व जादूगार मर्लिन यांच्या कथेचा एक भाग. त्यातील एका पानाच्या समासात चौदाव्या शतकातल्या इंग्रज हाताने लिहिलेले दोन शब्द आहेत. त्यावरून फ्रान्समध्ये लिहिलेले हे हस्तलिखित तेव्हाच इंग्लंडला पोहोचले होते असे ठरवता आले. ते का टाकून दिले गेले, याविषयी अभ्यासकांनी एक शक्यता मांडली आहे. १४८५ मध्ये इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने आर्थरच्या कथा इंग्रजीत छापल्या होत्या, आणि इंग्लंडमधल्या वाचकाला जुन्या फ्रेंचमधल्या प्रतीची गरज उरली नव्हती. त्या प्रतीचे लेखन, प्रवास, वाचन आणि शेवटी टाकाऊ होणे अशी चारही वळणे येथे समजतात, आणि ती समजतात कारण तुकडे त्याच चार खंडांत राहिलेले होते.

छापील पुस्तकांचेही तुकडे असे सापडतात का?

होय. छपाईच्या आरंभकाळाचा इतिहास त्यांच्याविना लिहिताच आला नसता. शाळकरी मुलांसाठी रोमन व्याकरणकार दोनातुसचे लॅटिन व्याकरण गुटेनबर्गच्या काळात जर्मनीतील माइन्झमध्ये वारंवार छापले गेले, पण मुलांच्या हातात पुस्तक टिकले नाही. त्या आवृत्त्या आज बहुतांशी बांधण्यांतून मिळालेल्या चर्मपत्राच्या तुकड्यांच्या रूपानेच ठाऊक आहेत. गुटेनबर्गच्या सर्वांत जुन्या छपाईत गणला जाणारा, भविष्यकथनाच्या जर्मन काव्याचा एक कागदी तुकडा १८९२ मध्ये माइन्झ येथेच उजेडात आला. २०१७ मध्ये रेडिंग विद्यापीठातील एका ग्रंथपालांनी ओळखलेले कॅक्स्टनचे १४७६-७७ च्या सुमाराचे पानही पूर्वी कोणत्यातरी पुस्तकाच्या कण्याला आधार म्हणून चिकटवलेले होते.

बांधणी न उकलता आतला मजकूर कसा वाचतात?

पहिले साधन आहे तिरपा प्रकाश आणि आरसा. चिकटवलेले पान कधी काळी निघून गेले असेल, तर त्याची शाई फळीवर उलटी उमटून राहते, आणि ती आरशात किंवा फिरवलेल्या छायाचित्रात वाचता येते. मूळ पान हरवले असूनही केवळ अशा ठशांवरून मजकूर ओळखला गेल्याची उदाहरणे आहेत.

पुसट शाईसाठी अतिनील ते अवरक्त अशा वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात एकाच पानाची अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र पाहतात. थराखाली दडलेल्या अक्षरांसाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती हे तंत्र वापरतात. मध्ययुगीन युरोपातील नेहमीची शाई मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली असल्यामुळे तीत लोह असते, बरोबर तांबे व जस्तही असते. क्ष-किरणांनी हे धातू उजळून निघतात आणि कातड्याखालच्या किंवा कागदाखालच्या ओळी पडद्यावर उमटतात. नेदरलँड्समधील लीडन येथे हस्तलिखितांचे अभ्यासक एरिक क्वाकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने बांधण्यांच्या आतले मजकूर वाचून दाखवले. एका कण्याच्या तपासणीलाही पुष्कळ तास लागत असल्याने हजारो पुस्तकांसाठी ती अजून व्यवहार्य नाही. शिवाय काजळीच्या शाईत धातू नसल्यामुळे तिच्यापुढे या पद्धतीचे काही चालत नाही. ब्रिस्टलच्या तुकड्यांची शाई अशाच काजळीची असल्याचे तपासणीत दिसून आले आहे.

घड्या घालून शिवलेल्या वेष्टनासाठी संगणकीय त्रिमितीय क्ष-किरण चित्रण उपयोगी पडते. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०२५ मध्ये मर्लिनकथेचाच आणखी एक तुकडा अशा रीतीने संगणकावर उलगडून दाखवला. सफोकमधल्या एका जमीनदारीच्या सोळाव्या शतकातील नोंदवहीवर तो वेष्टन म्हणून शिवलेला आहे, आणि त्याची एकही शिवण उसवावी लागली नाही.

तुकडा ओळखतात कसा?

लिपीच्या वळणावरून शतक आणि प्रदेश यांचा अंदाज येतो. ओळींची आखणी, स्तंभांची रुंदी आणि समास यांवरून मूळ पानाचा आकार मोजून काढता येतो. मग वाचता आलेले पाचसात शब्द लॅटिन मजकुरांच्या संगणकीय कोशात शोधले की ग्रंथ बहुधा सापडतो. उपासनाग्रंथांत स्थानिक संतांची नावे आणि रविवारांच्या प्रार्थनांचा क्रम पाहिला तर तो कोणत्या बिशपक्षेत्रात वापरला जात होता हेही कळते. एकाच ग्रंथाची पाने वेगवेगळ्या देशांत गेलेली असतात. ती संगणकावर एकत्र आणण्यासाठी स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्ग विद्यापीठात ‘फ्रॅगमेंटारियम’ हा प्रकल्प उभारण्यात आला असून अनेक देशांतील ग्रंथालये आपल्या तुकड्यांची छायाचित्रे त्यात देतात.

मग हे तुकडे सरळ बाहेर काढून वेगळे का जपत नाहीत?

एकोणिसाव्या शतकात ग्रंथपालांनी आणि संग्राहकांनी नेमके हेच केले. पाने पाण्याने सोडवून वह्यांत चिकटवली, पण पुष्कळदा ती कोणत्या पुस्तकातून काढली ते लिहून ठेवले नाही. त्यामुळे शेकडो तुकड्यांच्या बाबतीत ते कोठे, केव्हा आणि कोणत्या बांधणीदाराच्या हाताखाली कापले गेले हा धागा कायमचा तुटला, आणि पुस्तकांची मूळ बांधणीही गेली. मजकूर वाचवल्याचे समाधान त्या माणसांना नक्कीच होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण झालेली हानी भरून येणारी नाही.

आज सर्वमान्य धोरण तुकडा जागच्या जागी ठेवण्याचे आहे. पुस्तक मुळातच मोडकळीला आले असेल आणि दुरुस्तीसाठी बांधणी उसवणे अटळ असेल, तेव्हाच प्रशिक्षित संधारक (जतनाचे तज्ज्ञ) तुकडा मोकळा करतात, प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेतात आणि तुकडा त्याच पुस्तकाच्या क्रमांकाखाली ठेवतात. वर उल्लेखलेले आयरिश वैद्यकाचे पान अशाच रीतीने, मालकांच्या संमतीने सोडवण्यात आले. नवी तंत्रे दर दशकात येत असताना घाई करण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

हा प्रकार छपाईच्या आधीही होता का?

होता. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक (प्राचीन इजिप्ती भाषेचे उत्तरकालीन रूप) ग्रंथांची चामडी वेष्टने टाकाऊ पपायरस चिकटवून ताठ केलेली होती. त्यातील एका वेष्टनात ३४१, ३४६ आणि ३४८ या सालांचे दस्तऐवज निघाले, आणि त्यामुळे हे वेष्टन ३४८ च्या आधीचे असू शकत नाही हे निश्चित झाले.

आपल्याकडच्या पोथ्यांत असे काही सापडेल का?

पोथीची रचनाच निराळी आहे. तिची पाने सुटी असतात, वरखाली फळ्या ठेवून ती रुमालात बांधतात. कणा नाही, शिवण नाही, त्यामुळे चर्मपत्राच्या पट्ट्यांची गरज नाही, आणि लेखनाला चर्मपत्र वापरण्याची रीतही आपल्याकडे नव्हती. तरी शिवलेली बाडे, चोपड्या आणि चामड्यात बांधलेली फारसी हस्तलिखिते यांची गोष्ट वेगळी आहे. कागदांचे थर खळीने चिकटवून पुठ्ठा करण्याची पद्धत भारतातही होती, आणि त्या थरांत लिहिलेला कागद येणे अगदी स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकातील छापील मराठी पुस्तकांच्या कण्याखालीही जुनी वर्तमानपत्रे आणि छापखान्यातले वाया गेलेले फर्मे अस्तर म्हणून लावलेले दिसतात. बांधणी नव्याने करून घेताना जुने पुठ्ठे रद्दीत टाकण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच सोडली पाहिजे.

घरातल्या जुन्या पुस्तकात असा तुकडा दिसला तर काय करावे?

तो ओढू नये, ओला करू नये, आणि सुटलेली कड डिंकाने किंवा चिकटपट्टीने चिकटवू नये. पुस्तक जेवढे सहज उघडते तेवढेच उघडून, खिडकीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. त्यांत केवळ तुकडा न घेता संपूर्ण आवरण, कणा, पहिले पान आणि मालकांच्या सह्या किंवा शिक्के असतील तर तेही घ्यावेत. पुस्तक घरात कोणाकडून आले हे वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे. मोडी, मराठी, संस्कृत किंवा फारसी मजकूर असेल तर पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर यांसारख्या संस्थांतील जाणकारांना ही छायाचित्रे आधी दाखवावीत. परदेशात राहणाऱ्यांना युरोपीय पुस्तकात लॅटिन चर्मपत्र आढळले, तर जवळच्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या दुर्मिळ ग्रंथ विभागाकडे जाणे योग्य. तुकडा वेगळा विकला तर चांगली किंमत येईल असे सांगणारे विक्रेते भेटतात. त्यांचे ऐकून पुस्तक उसवू नये. विकायचेच असेल तर पुस्तक आहे तसे, तुकड्यासकट विकावे.